विषय: पाच हजार एन-९५ आणि एक ऑडिओ क्लिप (विदर्भ मदतनिधी)

प्रेषक: सचिव
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२१

सभासदहो,
फराळाची कूपनं आणि देणग्या मिळून परदेशातल्या आपल्या मंडळाच्या विदर्भ मदतनिधीत बऱ्यापैकी रक्कम जमली आहे. कार्यकारिणीपुढे दोन गोष्टी आहेत. पाच हजार एन-९५ मास्क यवतमाळ, अमरावती आणि गडचिरोलीच्या खेड्यांत वाटायचे; आणि एखाद्या ओळखीच्या नटाच्या आवाजात तीन मिनिटांची ऑडिओ क्लिप करून ग्रामपंचायतींना पाठवायची. कोविडबद्दल लोक अजून अफवांवर विश्वास ठेवतात, लशीच्या दुसऱ्या डोसला येत नाहीत, मास्क हनुवटीला लटकवतात. थोडक्यात, प्रबोधन हवं आहे. हरकती शुक्रवारपर्यंत कळवा.

---

प्रेषक: आरोग्य उपसमिती (डॉक्टर)
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२१

सचिवताई,
हरकत दोन्हींना आहे. आधी मास्कचं बोलू.

एन-९५ची ताकद त्याच्या जाडीत नाही. मधल्या मेल्टब्लोन (प्लास्टिकच्या अतिबारीक तंतूंच्या) थरावर स्थिर विद्युतभार असतो आणि बारीक कण तो ओढून धरतो. मास्क साबणाच्या पाण्यात बुडवला किंवा त्यावर सॅनिटायझर फवारला की हा भार जातो, आणि हातात महागाचा फडका उरतो. खेड्यात पहिल्याच संध्याकाळी तो धुऊन तारेवर वाळत पडेल. त्यात वापरणाऱ्याचं काही चुकत नाही. मळलेलं कापड धुवायचं, हेच आयुष्यभराचं शहाणपण. म्हणून पाच हजार घरांत एकेक मास्क देण्याला अर्थ नाही.

एन-९५ आशाताई, सिस्टर, रुग्णवाहिकेचे आणि काळीपिवळीचे (प्रवासी जीपचे) चालक यांनाच द्यावेत, पण माणशी पाच, आणि सोबत कागदाची पाच पाकिटं. सोमवारचा मास्क संध्याकाळी सोमवारच्या पाकिटात टाकायचा. त्याची पाळी पुन्हा येते ती पाच दिवसांनी. पाकीट प्लास्टिकचं नको, त्यात श्वासाचा दमटपणा कोंडतो. पट्टा सैल झाला, आकार बिघडला किंवा श्वास जड जायला लागला की तो टाकून द्यायचा. व्हॉल्वचे मास्क घेऊच नका. घालणाऱ्याचा श्वास त्यातून न गाळताच बाहेर पडतो. केंद्रानंही जुलै २०२० मध्येच राज्यांना त्याबद्दल लिहिलं होतं.

बाकीच्यांसाठी तीन पदरी कापडी मास्क, तेही तिथल्याच बचत गटांकडून शिवून घ्यावेत. आतला पदर सुती, बाहेरचा घट्ट विणीच्या पॉलिस्टर-मिश्र कापडाचा, मधला नॉनवोव्हन पॉलिप्रॉपिलीनचा. (हेच ते कापडासारख्या दिसणाऱ्या कॅरीबॅगचं कापड. २०१८च्या प्लास्टिकबंदीत या पिशव्या हद्दपार झाल्या आणि दोनच वर्षांत तेच कापड नाकावर आलं.) मोठ्या माणसासाठी तुकडा साधारण २५ बाय १५ सेंटिमीटर, आडव्या तीन चुण्या, वरच्या कडेत वाकणारी पट्टी. तयार मास्क उन्हाकडे धरल्यावर भोकाभोकांतून उजेड दिसला तर कापड विरळ आहे. तो घालून पेटती काडी सहज फुंकता आली तरी तोच निष्कर्ष. धुवायला गरम पाणी चालतं, इस्त्री मात्र नाही. मधला पदर आक्रसतो, मग कडेनं फट पडते.

गमछा किंवा दुपट्टा अगदीच कुचकामी नाही, पण एका पदरात फार काही अडत नाही. निदान चार घड्या हव्यात, आणि घामानं भिजला की बदलायला हवा.

आता हनुवटीचं. यामागचं मोठं कारण खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. दर पाच-दहा मिनिटांनी थुंकायचं असेल तर कानाच्या दोऱ्यांचा मास्क खालीच येणार. दुसरं कारण आपणच दिलेलं आहे. 'मास्क कायम वापरा' असं पोस्टर लावलं की एकट्यानं वखर हाकणाऱ्यालाही तो सल्ला लागू होतो. मोकळ्या वावरात एकट्याला मास्कची गरज नाही, हे त्याला आपल्याआधी कळलेलं असतं. मग त्या पोस्टरवरची खरी गोष्टही तो सोडून देतो. नियम मोजक्या जागांपुरता ठेवा: काळीपिवळी आणि मॅजिकसारख्या प्रवासी गाड्या, बँकेची रांग, दवाखाना, दार लावून चाललेलं भजन, आजाऱ्याची खोली. सध्या एसटीचा संप चालू आहे, त्यामुळे नऊ जणांच्या गाडीत पंधरा जण कोंबलेले आहेत. आज जोखीम सगळ्यात जास्त तिथे. चालकाला दोन गोष्टी सांगायच्या: काचा खाली, आणि गाडीत खर्रा बंद. तेरवीत जेवताना मास्क कसा राहील? तिथे पंगत मांडवाखाली उघड्यावर बसवा, एवढंच सांगा.

---

प्रेषक: सभासद, मूळ वऱ्हाडातले
दिनांक: १० नोव्हेंबर २०२१

सचिवताई, डॉक्टरकाका,
मास्कचं पटलं. पण लशीच्या बाबतीत 'लोक अफवांवर विश्वास ठेवतात' हे वाक्य मला खटकलं. लोक 'काहून घ्यावं?' विचारतात, अन् त्यातल्या निम्म्या प्रश्नांना धड उत्तर असते.

दुसरा डोस चुकतो त्याचं पहिलं कारण पंचांगात आहे. २१ जूनपासून १८ वर्षांवरच्या सगळ्यांना केंद्राची लस मोफत झाली, आणि गावोगाव पुरवठा वाढायला लागला तो जुलैत. कोविशिल्डचं अंतर १३ मेपासून १२ ते १६ आठवडे आहे. १५ जुलैला पहिला डोस घेतलेल्याचे ८४ दिवस भरतात ७ ऑक्टोबरला. तेव्हा सोयाबीन सोंगून गंजी लावलेली असते अन् वरून परतीचा पाऊस. त्यात कोण येणार? त्यामागून कापसाची वेचणी. वेचणीची मजुरी किलोवर, म्हणजे तापाच्या दिवशी कमाई शून्य. रोजगार हमीचा दर यंदा २४८ रुपये आहे; त्याच्याशी ताडून पाहा, एका सुईची किंमत घराला काय पडते ते. कोविशिल्डचा ताप बहुतेकांना पहिल्या दिवसात चढतो, ४८ तासांत उतरतो, आणि पहिल्या डोसपेक्षा दुसऱ्याला कमी येतो. ही शेवटची गोष्ट लोकांना कोणी सांगितलेलीच नाही! पहिल्या खेपेला दोन दिवस खाटेवर काढलेला माणूस दुसऱ्याला दुप्पट त्रास होईल असंच धरून चालतो.

उपाय: सत्र आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी लावायचं, पाच ते आठ. बाजाराच्या दिवशी मजूर तसेही वावरात जात नाहीत. लस घेतल्यावर हातात पॅरासिटामॉल ५०० च्या सहा गोळ्या द्यायच्या अन् तोंडी सांगायचं: ताप आला तरच एक, दोन गोळ्यांत सहा तास, दिवसात चारच्या वर नाही. आणि 'उशीर झाला म्हणून पहिला डोस बाद होत नाही, पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागत नाही' हे ठासून सांगायचं. १६ आठवडे उलटलेले कितीतरी जण केवळ ओशाळून येत नाहीत.

दुसरं कारण व्हायल, म्हणजे लशीची कुपी. कोविशिल्डच्या व्हायलमध्ये दहा डोस, प्रत्येकी अर्धा मिली. उघडली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची, आणि वाया गेल्याचा हिशोब द्यायचा. म्हणून सिस्टर दहा जण जमेपर्यंत थांबवतात. सहा बाया सकाळी येतात, दीड तास बसतात, अन् 'नंतर या' ऐकून परततात. त्या पुन्हा येत नाहीत, आणि रजिस्टरमध्ये नोंद होते 'नकार'! आशाताईनं एका वेळेला बारा जणांना चिठ्ठ्या द्याव्या, एकाच मोहल्ल्यातल्या. दोन गळाले तरी दहा उरतात. मेळघाटात ढाण्याढाण्यानं, म्हणजे वस्तीवस्तीनं जायचं. व्हॅक्सिन कॅरियरमधले चार आईसपॅक फ्रीझरमधून काढले की लगेच भरू नयेत. हलवून आत पाण्याचा आवाज आला की मगच, नाहीतर कडेच्या व्हायल गोठतात आणि गोठलेली लस बाद. तापमान २ ते ८ अंश.

तिसरं कारण मात्र खरंखुरं भय आहे, अन् ते हवेतून आलेलं नाही. दुसऱ्या लाटेत, एप्रिलमध्ये, ज्यांनी डोस घेतला त्यांतल्या काहींच्या अंगात संसर्ग आधीच होता. काहींना तो केंद्रावरच्या गर्दीत लागला. पहिल्या डोसचं संरक्षण यायला दोन-तीन आठवडे लागतात. त्याआत माणूस गेला तर गावाचा हिशोब सरळ असतो: 'सुई घेतली अन् गेला.' याला 'अफवा' म्हटलं की बोलणं संपलं. 'त्याला आधीच लागण झाली होती, सुईला वेळच मिळाला नाही' असं सांगितलं तर ऐकतात.

आणि यवतमाळ जिल्ह्यानं यंदा काय पाहिलं तेही आठवा. ३१ जानेवारीला घाटंजी तालुक्यात १२ बाळांना पोलिओऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलं वाचली. एप्रिलमध्ये वणीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यालेली सात माणसं मेली. अशा मुलुखात बाटलीत काय आहे हे विचारणं अडाणीपणा कसा? लस भरण्याआधी व्हायलचं लेबल दाखवा, सिरिंजचं पाकीट समोर फोडा. ती सिरिंज अर्ध्या मिलीची, एकदा दाबली की दट्ट्या अडकतो, पुन्हा वापरताच येत नाही. 'सगळ्यांना एकच सुई' याचं उत्तर भाषणात नाही, त्या अडकलेल्या दट्ट्यात आहे.

---

प्रेषक: आरोग्य उपसमिती (डॉक्टर)
दिनांक: १० नोव्हेंबर २०२१

भाऊंच्या यादीला माझी थोडी पुरवणी.

बीपी, शुगर आहे म्हणून सुई नको, हा समज उलटा आहे. त्यांनाच आधी हवी. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंही तेच. पूर्व विदर्भात घराघरांत हा प्रश्न आहे. मार्चमध्ये ४५ ते ५९ वयोगटासाठी सहव्याधींची जी यादी आली, तिच्यात सिकलसेल होता, पण ते घरापर्यंत पोचलेलं नाही. गरोदर बायांना २ जुलैपासून परवानगी आहे. पाळीच्या दिवसांतही लस चालते.

दारूचा प्रश्न न विचारताच उत्तर द्या. वर्धा आणि गडचिरोली दारूबंदीचे जिल्हे, तिथे कोण हात वर करून विचारणार? पिणाऱ्यानंही लस घ्यावी. फक्त तापाची गोळी आणि दारू एकत्र नको, यकृतावर ताण येतो. 'सुई घेतली तर सोडावी लागेल' या भीतीनं मागे राहिलेले पुरुष पुष्कळ असावेत, असा माझा अंदाज.

क्लिपबद्दल: नट नको आणि तीन मिनिटंही नकोत. चाळीस सेकंद, एक मुद्दा, आवाज गावातलाच. सुरुवात अफवेनं करू नका. 'सुईनं माणूस दोन वर्षांत मरतो असं म्हणतात, पण...' यातलं पहिलं अर्धंच भोंग्यावरून दूरवर ऐकू जातं. आणि भाषा? धारणीत मराठीपेक्षा कोरकू आणि हिंदी लागते. भामरागडला माडिया, सिरोंच्याला तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली. मेळघाटात भूमका आणि पडियार (गावचे पुजारी-वैदू), गडचिरोलीत पुजारी, यांनी आधी स्वतः घेतली पाहिजे आणि मग बोललं पाहिजे. त्यांना व्यासपीठावर बसवून हार घालण्यात हशील नाही. त्यांच्या ओट्यावर जाऊन बसावं लागतं, आणि एका बैठकीत होत नाही.

रेशन बंद करू, दाखला देणार नाही, असल्या धमक्यांच्या वाटेला आपण जाऊ नये. पथक येणार कळलं की घराला कुलूप लागतं. 'हर घर दस्तक' ही घरोघरी लसीकरणाची मोहीम ३ तारखेपासून सुरू आहे. त्यात दारावर जाणाऱ्या बाईचं तोंड ओळखीचं असणं हेच अर्धं काम.

---

प्रेषक: कोषाध्यक्ष
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२१

पैशाचं आधी ठरवा, नाहीतर मास्क शिवून पडतील. मंडळ परदेशी नोंदणीचं, म्हणजे आपला पैसा 'विदेशी अंशदान'. तो एफसीआरए (विदेशी अंशदान कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेच्या, दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठराविक खात्यातच जाऊ शकतो. सप्टेंबर २०२०च्या दुरुस्तीनंतर ती संस्था तो पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. 'नागपूरच्या मोठ्या संस्थेला देऊ, ती गावच्या बचत गटाला देईल' हा जुना मार्ग बंद. संस्थेनं स्वतः बचत गटाकडून मास्क विकत घ्यायचे, बिल घ्यायचं. खरेदी वेगळी, अनुदान वेगळं. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा यात मोडत नाही. ओसीआय कार्डवाल्यांचा (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांचा) मोडतो.

---

प्रेषक: सचिव
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२१

प्रस्ताव मागे घेते. 'प्रबोधन' हा शब्दही. नवा असा: एन-९५ फक्त आशाताई, सिस्टर आणि चालकांना, बाकी कापडी, बचत गटांकडून बिल घेऊन, तापाच्या गोळ्या, आणि संध्याकाळच्या सत्रांसाठी सौर दिवे.

दोन प्रश्न. काही गावांत रेंज नसल्यानं नोंद कागदावर झाली. नंतर दुसरा डोस नव्या मोबाईलवर चढला आणि कोविन हे लसनोंदणीचं सरकारी पोर्टल दोन्ही 'पहिला डोस' दाखवतं. काय करायचं? आणि शिवणाऱ्या ताईंनी विचारलंय, इलॅस्टिक की नाडी?

---

प्रेषक: सभासद, मूळ वऱ्हाडातले
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२१

नोंदीचं सोपं आहे. कोविनवर लॉगिन करून 'रेज ॲन इश्यू'मध्ये दोन पहिल्या डोसची प्रमाणपत्रं जोडण्याचा पर्याय आहे. मात्र नाव, जन्मवर्ष अन् ओळखपत्र दोन्हीकडे तंतोतंत जुळायला हवं. एका मोबाईलवर चारच जण बसतात, म्हणून आशाताईच्या नंबरावर अख्खा मोहल्ला चढवू नका. दुसऱ्या डोसचा मेसेज तिलाच जातो, अन् ज्याचा तो डोस त्याला पत्ताच नाही. आशाताईकडं तारखांची वही हवी, ८४वा दिवस लाल पेनानं.

---

प्रेषक: आरोग्य उपसमिती (डॉक्टर)
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२१

नाडी. इलॅस्टिक गरम पाण्यात आणि उन्हात ढिलं पडतं. चार नाड्या, प्रत्येकी ४५ सेंटिमीटर. वरची जोडी डोक्याच्या मागे, खालची मानेवर. पदर घेणाऱ्या बायांना कानाची दोरी अडकते, नाडी पदराखाली बसते. खर्रा खाणाऱ्याला वरची गाठ सोडायचा कंटाळा येईल. येऊ द्या.