शब्दचर्चा : मेमरी कार्डाच्या 'क्षमतेची पुनर्प्राप्ती'

फोंडा (प्रश्न; लिहिणाऱ्यांचा उल्लेख येथे गावाच्या नावाने केला आहे) : आमच्या विद्यालयातील मुलांसाठी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाची माहितीपत्रिका मी मराठीत तयार करत आहे. या संगणकाची प्रणाली ज्या ३२ जीबीच्या कार्डावर लिहिलेली असते, ते कार्ड पुढे विंडोजच्या संगणकाला लावले की अवघ्या काहीशे एमबीचे दिसते. ते पुन्हा सगळे वापरता यावे म्हणून करायच्या कृतीला मी 'क्षमतेची पुनर्प्राप्ती' हा शब्द योजला आहे. सहशिक्षिकेची हरकत अशी की, पुनर्प्राप्ती म्हटल्यावर गेलेले फोटो परत मिळतात असा मुलांचा समज होईल, आणि प्रत्यक्षात तर या कृतीनंतर कार्डावरचे काहीच हाती लागत नाही. दुसरा शब्द सुचवावा.

डिचोली : बाईंची हरकत रास्त आहे, कारण क्षमता मुळात कुठे गेलेलीच नसते. प्रणाली लिहिताना कार्डाचे दोन भाग (पार्टिशन) पडतात : संगणक सुरू करणारा, फाइली ठेवण्याच्या फॅट३२ पद्धतीचा लहान भाग आणि लिनक्सचा, म्हणजे खुद्द प्रणालीचा, ईएक्सटी४ पद्धतीचा मोठा भाग. हा मोठा भाग विंडोजला वाचता येत नाही, आणि नेहमीच्या पद्धतीने फॉरमॅट केले तर तो लहान भागच तेवढा फॉरमॅट होतो. 'विभाग काढून टाकणे' असे सरळ लिहावे.

मडगाव : 'विभाग' म्हटले की शाळेत शिक्षण विभागच आठवतो. 'फाळणी' हा शब्द १९४७ मुळे जड झाला आहे, परंतु घरफाळ्यातला 'फाळा' पाहिला तर त्यात वाट्याचाच अर्थ आहे आणि तो वाया घालवू नये. 'वाटणी' मात्र नको, कारण वाटणीत मालक वेगळे होतात आणि इथे कार्ड एकाचेच राहते.

पेडणे : आपल्याकडे 'मेर' (शेताचा बांध) हा शब्द जिवंत असताना इतके लांब कशाला जायचे? दोन कुणग्यांमधली (शेताच्या तुकड्यांमधली) मेर मोडली की शेत एक होते, माती मात्र तीच राहते. कार्डाचेही नेमके हेच होते. विंडोजच्या डिस्कपार्ट या साधनातील 'क्लीन' ही आज्ञा फक्त विभागांची नोंद काढते, आणि खालची माहिती तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत बहुतांशी तशीच असते. ती खरोखर पुसायची तर 'क्लीन ऑल' द्यावे लागते. म्हणून 'कार्ड पुसणे' हेही चूकच आहे.

म्हापसा : मेर मला समजते, पण 'मोडणे' वाचून मूल कार्डालाच जपत बसेल. चावी, पगार, घमेले हे पोर्तुगीज शब्द आपण बिनतक्रार पचवले, मग 'पार्टिशन' आणि 'फॉरमॅट' का टाळायचे? मुलांना पडद्यावर तेच शब्द दिसणार आहेत. डिस्कपार्टमध्ये चुकीच्या क्रमांकाची डिस्क निवडून 'क्लीन' दिले तर संगणकाच्या स्वतःच्या डिस्कची नोंद जाण्याचा धोका असतो. अशा ठिकाणी पत्रिकेतला शब्द पडद्यावरच्या शब्दाशी जुळलाच पाहिजे. भाषेच्या शुद्धतेचा विचार त्यानंतर करावा.

पेडणे : जुळवण्यासाठी पडद्यावरचा शब्द एकदा शेजारी लिहिला की पुरे. संपूर्ण वाक्यच परके करण्याचे कारण मला दिसत नाही.

डिचोली : प्रश्नातल्या 'क्षमता' या शब्दाकडेही पाहावे. सर्व काही नीट केले तरी ३२ जीबीचे कार्ड विंडोजमध्ये सुमारे २९.८ जीबीचेच दिसते, कारण उत्पादक १,००,००,००,००० बाइटांचा एक जीबी धरतात आणि विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइटांचा. 'पूर्ण क्षमता' लिहिले तर मुले उरलेले दोन जीबी शोधत राहतील. मी 'मूळ आकार' लिहीन.

मडगाव : 'मूळ' घेऊ नये. त्याच पत्रिकेत लिनक्सच्या 'रूट' (म्हणजे मूळ) विभागाला काय म्हणणार?