रोलवरची (कंपनीच्या थेट पगारावरची) नोकरी सोडून त्याच कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर जावं का? (वाळूज, मेंटेनन्स)

गेवराईकर
नमस्कार मंडळी. इलेक्ट्रिकल डिप्लोमा, वाळूजला ऑटो पार्टच्या कंपनीत आठ वर्षं मेंटेनन्सला आहे. पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर), मोटरचे ड्राइव्ह, सेन्सर सगळं बघतो. ग्रॉस ३८,०००, त्यात बेसिक-डीए २६,०००. आता एचआर म्हणतंय, राजीनामा द्या आणि पुढच्या १ तारखेपासून कॉन्ट्रॅक्टवर या, महिन्याला ५५,००० चं बिल लावा. वरून दीड लाख ॲडव्हान्स, तो बिलातून हप्त्यानं वळता करणार. काम तेच, मशीन त्याच, शिफ्टही तीच.

इथं भाड्यानं राहतो, पोरगी पहिलीला. गावाकडं चार एकरातला कापूस पावसानं गेला, त्यामुळं ॲडव्हान्सकडं सारखं लक्ष जातंय. बायको म्हणते पीएफवालं सोडू नका. शेंद्र्याच्या दोन छोट्या युनिटवाल्यांनी रविवारी येता का म्हणून विचारलंय, त्यामुळं स्वतःचं काहीतरी करावं हेही मनात आहे. काय करावं?

जालना_अकाउंट्स
दादा, आधी आकडे. कंपनी तुमच्यासाठी १२ टक्के पीएफ भरते, पूर्ण बेसिकवर असेल तर ३,१२० रुपये. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, वर्षाला १५ दिवसांचा बेसिक-डीए, महिना २६ दिवसांचा धरून, म्हणजे तुमची वर्षाला १५,००० साचते, महिन्याला १,२५०. म्हणजे आजच तुम्ही कंपनीला महिन्याला ४२,३७० ला पडता. १७ हजार वाढ दिसते ती साडेबारा हजारांची आहे. त्यातून दिवाळीचा बोनस, भरपगारी रजा आणि आई-वडिलांसकट मेडिक्लेम वजा करा. साठीच्या पुढच्या माणसांची पॉलिसी स्वतः काढायला गेलात की किती लागतात ते एकदा विचारून बघाच.

जीएसटीची चिंता नको, सेवेला वर्षाला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. घरासाठी कर्ज काढायचं मनात असेल तर मात्र ते आधी बघा. पगारदाराचं स्लिप आणि फॉर्म १६ वर भागतं, बिलवाल्याला बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते.

एक गोष्ट पक्की विचारा. आठ वर्षांची ग्रॅच्युइटी १,२०,००० होते. राजीनामा दिला की ती ३० दिवसांत मिळायला हवी, हक्काची आहे. ॲडव्हान्सच्या आकड्यात तीच तर धरलेली नाही ना?

चिकलठाणा_पॅनल
भाऊ, मीही वाळूजला रोलवर होतो, आता बरीच वर्षं स्वतःचं काम करतोय. पोरांनी स्वतःचा धंदा करावा असं मी सगळ्यांना सांगतो, म्हणूनच ही ऑफर वाचून राग आला. धंद्यात दर आपला असतो, वेळ आपली असते, गिऱ्हाईकं चार असतात. तुम्हाला पंचिंग त्यांचं, शिफ्ट त्यांची, गिऱ्हाईक एकच. फरक एवढाच पडला की उद्यापासून काढायला ते मोकळे.

आणि बाहेर पडल्यावर काय विकायचं, हे अजून तुमच्यापुढं कुणी मांडलेलं दिसत नाही. मागच्या पावसाळ्यात एका युनिटनं रात्री बोलावलं. मशीन मधूनच थांबायची, अलार्म दर वेळी वेगळा. पाच तास शोधत होतो. ड्रॅग चेनमध्ये (हलत्या टेबलाबरोबर वायरी नेणारी साखळी) वाकून वाकून प्रॉक्सी सेन्सरच्या केबलची एक तार आतून तुटलेली, वरचं कव्हर शाबूत. मीटर लावला की कंटिन्युइटी बरोबर दाखवायची, टेबल डाव्या टोकाला गेलं की सुटायची. केबल बदलायला पंधरा मिनिटं लागली. मॅनेजर म्हणाला, एका वायरचे एवढे? रोलवर हे कुणी विचारत नाही, तिथं शोधण्याचाच पगार असतो. बाहेर ते आधी कागदावर घ्यावं लागतं. व्हिजिटचे इतके, पुढच्या तासाला इतके, रात्रीचा दर वेगळा, सामान वेगळं. मी सही घेतल्याशिवाय पॅनलचं दार उघडत नाही.

दुसरं, पैसे निघणं. छोट्या उद्योगांची सरकारी उद्यम नोंदणी करा, फुकट आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावं लागतं, करार नसेल तर १५. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज. व्याज मी कधी मागत नाही, गिऱ्हाईक तुटतं. पण मुदतीत न दिलेली रक्कम आता कंपनीला पैसे देईपर्यंत खर्चात धरता येत नाही, म्हणून बिलावर उद्यम नंबर दिसला की अकाउंटवाले फाईल वर काढतात.

लॅपटॉप, इन्सुलेशन तपासायचा मेगर, करंट मोजायचा क्लॅम्प मीटर स्वतःचं लागेल. डेल्टाच्या पीएलसीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सीमेन्सच्या टीआयए पोर्टलला लायसन घ्यावं लागतं, कंपनीचं बाहेर चालणार नाही. पॅनलमध्ये हात जातो आपला, म्हणून अपघात विमा पहिल्या दिवसापासून.

कंपनीला एवढंच विचारा. आठवड्याला तीन दिवस आणि ब्रेकडाऊनला कॉल, बाकी दिवस मी मोकळा, नोटीस दोन महिन्यांची, असा करार देता का? दिला तर डोळे झाकून घ्या, शेंद्र्याची दोन्ही युनिटं धरा. नाही दिला तर रोल सोडू नका. आणि रविवारच्या कामाआधी अपॉइंटमेंट लेटर वाचा, बाहेर काम करू नये असं कलम बहुतेकांत असतं.

धारूरचा_किसन
माझे आई-वडील कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला जायचे, म्हणून लिहितो. उचल (आगाऊ पैसे) घेतली की तो सीझन मुकादमाचा. दुसरा टोळीवाला जास्त देतो म्हणाला तरी जाता येत नाही, आधी उचल फेड. फिटली नाही तर पुढच्या वर्षाच्या अंगावर. तुमचा ॲडव्हान्स तसाच आहे दादा. तो फिटेपर्यंत दर वाढवून मागायला तोंड राहणार नाही आणि शेंद्र्याला हो म्हणता येणार नाही. कापूस गेल्यावर घरात काय होतं ते मी बघितलंय, नड खोटी नाही. पण वडिलांच्या नावावर पीक कर्ज बसतंय का बघा. ३ लाखांपर्यंतचं वेळेवर फेडलं तर राज्याची व्याज सवलत धरून शून्य टक्क्यानं पडतं.

गेवराईकर
सगळ्यांचे मनापासून आभार. आज एचआरला विचारलं. बाहेरचं काम चालणार नाही, नोटीस सात दिवसांची. ताई, तुमची शंका खरी निघाली, ग्रॅच्युइटी "ॲडव्हान्समध्येच ॲडजस्ट" म्हणाले. सही केलेली नाही. सोमवारी प्लांट हेडना भेटून तीन दिवसांच्या कराराचं बोलतो. तेवढं एक सांगा, पीएफच्या पेन्शनला दहा वर्षं लागतात म्हणे. सोडलंच तर माझी आठ बुडतात का?

जालना_अकाउंट्स
बुडत नाहीत. फॉर्म १०सी भरून एकतर पैसे काढता येतात, नाहीतर स्कीम सर्टिफिकेट घेता येतं. पैसे काढले तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सर्टिफिकेट घेतलं तर पुढं पीएफवाली कुठलीही नोकरी लागली की ही आठ वर्षं तिला जोडली जातात, दहा भरली की ५८ व्या वर्षी पेन्शनचा हक्क. तेव्हा सोडायची वेळ आलीच तर सर्टिफिकेटच घ्या. आणि ग्रॅच्युइटी वळती करणार हे ते तोंडी बोलले असतील तर आजच मेल करून लेखी उत्तर मागवा, सोमवारी ते सोबत घेऊन जा.