घोळणा फुटणे : शब्द आणि कोड

प्रश्न : कर्नाटकात खानापूर-निपाणीकडचा मराठी रुग्ण ‘घोळणा फुटला’ म्हणतो. नोंद करणारा कन्नड भाषिक असला की ‘फुटला’ म्हणजे मार लागला असं समजून दुखापतीचा कोड (आजाराच्या नोंदीचा ठरलेला क्रमांक) टाकतो. नेमकं काय लिहावं?

उत्तर : घोळणा फुटणं म्हणजे नाकातून रक्त येणं. घोळणा म्हणजे नाकाचा शेंड्याकडचा भाग. घाम फुटतो, पान्हा फुटतो, तसं हे ‘फुटणं’, मोडणं नव्हे. शब्द मोठा अचूक आहे, कारण बहुतेक वेळा रक्त नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या भागातूनच येतं. तिथे बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. वैशाखात अथणी-रायबागकडे कोरड्या हवेनं आत खपली धरते, पोर बोट घालतं, खपली निघते आणि धार लागते.

कन्नडमध्ये ‘मूगिनिंद रक्त’ म्हणा. आयसीडी-१० (आजारांच्या जागतिक वर्गीकरणाची दहावी आवृत्ती) चा कोड आर०४.०, आयसीडी-११ चा एमडी२०. नुसतं आर०४ अपुरं. शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ पडला तरी कोड चुकला. आर०४.० मध्ये डावी-उजवी नाकपुडी कळत नाही; ती केस पेपरवर लिहावीच.

पण आर०४.० हे लक्षण आहे. नाकाचं हाड मोडलं असेल तर मुख्य कोड एस०२.२, डेंग्यू ठरला तर ए९७ गटातला. रक्त वाहताना घाबरलेल्या माणसाचं बीपी चढलेलं असतं; तेवढ्यावरून उच्च रक्तदाबाचा आय१० टाकू नका. डॉक्टरांनी तसं निदान लिहिलेलं हवं.

पुरवणी : ‘घोळणा’ आणि ‘गुळणी’ ऐकण्यात एक होतात, ही चूक जास्त महाग. ‘रक्ताची गुळणी आली’ म्हणजे तोंडातून रक्त. उलटीतून असेल तर के९२.०, खोकल्यातून असेल तर आर०४.२. त्यातही फसगत असते. घरचे मान मागे करून निजवतात, नाकातलं रक्त घशात उतरतं, पोटात जातं आणि काळपट उलटी होते. म्हणून विचारा, ‘पहिलं रक्त कुठून आलं?’ नाकातून असेल तर कोड आर०४.० च. (रुग्णाला पुढे वाकवून बसवावं, नाकाचा मऊ भाग सलग १०-१५ मिनिटं चिमटीत धरावा, मध्ये सोडून बघू नये.)

जुन्या कागदावर ‘रक्तपित्त’ असेल तर थेट आर०४.० करू नका. आयुर्वेदात तो शब्द नाक, तोंड, लघवी, शौच अशा कुठल्याही वाटेच्या रक्ताला लागतो.