रविवारी बागेत ब्लोअर चालवला, आता मंडळीचा वडील व्हायचं का?

पावणेदोन_एकर (तासगाव तालुका)

सगळ्यांना सलाम. प्रश्न लांबलाय. मधलं काही गाळलं तर तुम्ही मला सोयीचं उत्तर द्याल, आणि सोयीचं उत्तर मला घरातच मिळतंय.

आमची पावणेदोन एकर द्राक्षबाग आहे, सुपर सोनाका जातीची. गावात ख्रिस्ती घरं तीनच, म्हणून उपासनेला मोटरसायकलवरून सांगलीला जातो. दिवाळीनंतर चर्चचे पाळकसाहेब घरी आले, चहा झाला, आणि म्हणाले, वडील म्हणून, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारा एल्डर म्हणून, तुमचं नाव पुढं आलंय. आईनं लगेच डोळ्याला पदर लावला. आजोबाही मंडळीचे वडील होते. प्रभुभोजनाचं ताट घेऊन बाकांमधून फिरणारे आजोबा, ही माझी चर्चची पहिली आठवण. धोतराला नीळ कायम जास्त झालेली असायची.

मग कमिटीच्या बैठकीत एकजण उठले आणि म्हणाले, "ज्याला प्रभूचा दिवस पाळता येत नाही, त्यानं ताट धरायचं का?" नाव सांगत नाही, माणूस वाईट नाही.

झालं होतं असं. ऑक्टोबर छाटणी होऊन बाग फुलोऱ्यात होती. शनिवारी रात्री दोनच्या सुमाराला पाऊस सुरू झाला, पहाटेपर्यंत चालूच. द्राक्षवाल्यांना पुढचं सांगायला नको. फुलोऱ्यात पान आणि घड ओले राहिले की डावणी हा बुरशीचा रोग येतो, आणि डावणी घडात शिरली की कर्ज काढून लावलेली बाग डोळ्यांदेखत वाळते. सोमवारपर्यंत थांबायची सोयच नाही. सहाला उजाडल्यावर पाऊस थांबला तसा ट्रॅक्टरला औषध फवारायचा ब्लोअर जोडला. साडेनऊची उपासना, मी पोचलो तेव्हा उपदेश अर्ध्यावर आलेला. शेवटच्या बाकावर बसलो. शेजारच्यांनी नाकाला रुमाल लावला, कारण अंगाला औषधाचा वास. तेवढ्यावरून सगळ्यांना कळलं.

मला स्वतःला हे पाप वाटत नाही. पण "मला वाटत नाही" एवढ्यावर वडिलाचं काम घेऊ नये, असंही वाटतं. घरात मी असाच वाढलोय, रविवारी आई चुलीवर तवासुद्धा ठेवत नसे, शनिवारची भाकरी आणि चटणी. काय करावं?

निवृत्त_सिस्टर_मिरज

सलाम भाऊ. मी एकतीस वर्षं वॉर्डात काढली. वॉनलेस साहेबांनी १८९४ ला मिरजेत दवाखाना उघडला, तेव्हापासून इथल्या ख्रिस्ती घरांमधून पोरी नर्सिंगला जातात आणि त्यांचे निम्मे रविवार ड्युटीत जातात. म्हणून या प्रश्नावर आमचा विचार जुनाच आहे.

माझी आजी प्रेसबिटेरियन मिशनच्या शाळेत शिकलेली. १०७ प्रश्नांची लघुप्रश्नोत्तरी, म्हणजे प्रश्न-उत्तरांतून विश्वास शिकवणारं पुस्तक, तिला अर्धीअधिक पाठ. त्यात चौथ्या आज्ञेखाली, म्हणजे विसाव्याचा दिवस पाळायच्या आज्ञेखाली, म्हटलंय की सारा दिवस विसाव्यात आणि भक्तीत घालवावा, वगळायची ती फक्त गरजेची आणि दयेची कामं. आमच्या वॉर्डात त्याचा अर्थ साधा होता. ठरवलेलं हर्नियाचं ऑपरेशन रविवारी नाही. अडलेली बाळंतीण आली तर घंटा वाजत असली तरी हात धुवायचे. प्रभूनं लूक १४ मध्ये हेच विचारलंय, तुमचा बैल विहिरीत पडला तर शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, आहे म्हणून बसून राहाल का?

तेव्हा तुमचा पाऊस म्हणजे विहिरीतला बैलच. पण आमची जुनी मेट्रन दोन प्रश्न विचारायची, ते तुम्हालाही विचारते. हे काम सोमवारपर्यंत थांबलं असतं का? नाही, ते तुम्ही सांगितलंत. दुसरा प्रश्न, हे शनिवारी करता आलं असतं का?

मोकळा_विश्वासी_कराड

प्रेज द लॉर्ड ब्रदर. एवढा विचार कशाला करताय? कलस्सै २:१६ वाचा. सण, चंद्रदर्शन, शब्बाथ यांवरून कुणी तुमचा न्याय करू नये असं पौलानं स्पष्ट लिहिलंय. रोम १४ मध्ये तर म्हणतो, एकाला एक दिवस मोठा, दुसऱ्याला सगळे सारखे, ज्याची त्याची खात्री असू दे. नियमशास्त्राचं जू परत मानेवर घेऊ नका. फवारा मारा, देवाची स्तुती करत मारा.

पावणेदोन_एकर

ब्रदर, आभार, पण रोम १४ चा आधार घेऊन मी रविवारी बैलगाडी शर्यतीलाही जाऊ शकतो, इथंच मला भीती वाटते.

आणि सिस्टर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नानं पकडलंत. शर्यतीचं नाव उगीच निघालं नाही. शुक्रवारीच मोबाईलवर पावसाचा अंदाज आलेला. शनिवारी दुपारी आभाळ भरून आलं होतं. शहाण्या माणसानं पाऊस यायच्या आधी एक फवारा घेतला असता, शेजाऱ्यानं घेतला. मी शर्यत बघायला गेलो होतो. डिझेलचा कॅनसुद्धा रिकामा होता, रविवारी पहाटे चुलतभावाला उठवून पाच लिटर मागितलं.

म्हणजे बैल विहिरीत पडला हे खरं, पण कठड्याची फळी मीच काढून ठेवली होती. हे कमिटीत कुणाला माहीत नाही.

शनिवार_पाळणारा

मुळात शब्बाथ सातवा दिवस आहे, म्हणजे शनिवार. रविवार पाळा असं शास्त्रात एका ठिकाणी दाखवा.

जुने_गुरुजी_सातारा

आधी शनिवारवाल्या बंधूंना दोन ओळी. कृत्ये २०:७ मध्ये शिष्य भाकर मोडायला आठवड्याच्या पहिल्या दिवशी जमलेत, १ करिंथ १६ मध्ये वर्गणी त्याच दिवशी बाजूला काढायला सांगितलीय, प्रकटीकरण १:१० मध्ये 'प्रभूचा दिवस' हे नाव आलंय. पुनरुत्थान रविवारी झालं. तुम्हाला हे पुरेसं वाटणार नाही, ठाऊक आहे. वाद वेगळ्या धाग्यावर घालू.

आता आमच्या बागाईतदाराकडं. मी शाळेत इतिहास शिकवायचो, मंडळीत बावीस वर्षं वडील होतो. तुमचा प्रश्न नवा नाही हो. इ. स. ३२१ मध्ये रोमच्या कॉन्स्टंटाइन बादशहानं रविवारच्या विसाव्याचा हुकूम काढला. शहरातले न्यायाधीश, कारागीर, सगळ्यांनी काम थांबवायचं. सूट कुणाला? शेतकऱ्याला. कारण दिलंय की पेरणीला आणि द्राक्षवेल लावायला योग्य दिवस पुन्हा मिळेलच असं नाही. अगदी द्राक्षवेलच! वाचताना मला तासगाव आठवलं होतं.

पण बादशहाची सूट म्हणजे देवाची सूट नव्हे. शास्त्र शेतकऱ्याला उलट जास्त आवळतं. निर्गम ३४:२१ काढा. सातव्या दिवशी विसावा घे, नांगरणीच्या आणि कापणीच्या हंगामातसुद्धा. हंगाम हीच तर सबब असते, म्हणून तीच आधी काढून घेतली. नहेम्या १३ मध्ये शब्बाथ दिवशी द्राक्षकुंड तुडवणारे आणि गाढवांवर द्राक्षं लादून यरुशलेमेत आणणारे लोक आहेत. नहेम्यानं वेशीच बंद करून टाकल्या. म्हणजे मोडतोय तो कोण, तर बागाईतदार आणि व्यापारी.

तरी तुमच्या ब्लोअरबद्दल मी सिस्टरांच्या बाजूचा. तो एक रविवार, एक पाऊस, कमिटीपुढं शर्यतीसकट कबूल करा आणि मोकळे व्हा. ती गोष्ट माझ्या मते तिथंच संपते.

मला दुसरंच विचारायचंय. फवारा वेळेत बसला, म्हणजे बाग डावणीतून वाचली असं धरतो. मग घड सुटले असणार, विरळणीला, म्हणजे घडातले जादा मणी कात्रीनं काढायला, बाया लागल्या असणार. माझी सासुरवाडी कवठेमहांकाळकडची आहे, बाग थोडीफार कळते. तुम्ही साडेनऊला उपासनेत गीत म्हणत असता तेव्हा तुमच्या बागेत कोण असतं?

पावणेदोन_एकर

गुरुजी, दोन दिवस उत्तर द्यायचं टाळलं.

बागेत टोळी असते. बारा बाया आणि एक मुकादम मावशी. विरळणीचे दिवस मोजके, मणी बाजरीएवढे झाले की कात्री लागते आणि ते ज्वारीएवढे होईपर्यंतच्या त्या दिवसांत जिल्ह्यातल्या सगळ्या बागांना एकदमच बाया हव्या असतात. आम्ही एकराचा दर ठरवून उक्तं देतो. हजेरी नाही. मग त्यांनी कुठल्या वारी यायचं ते त्यांचं त्या बघतात. मी रविवारी त्यांना बोलावत नाही, त्या येतात. सकाळी सातला गेट उघडून देतो, पाण्याचा जार ठेवतो, आणि कपडे बदलून चर्चला जातो.

लिहिताना वाचून बघितलं तेव्हा "त्या येतात" हे वाक्य जरा खटकलं.

जुने_गुरुजी_सातारा

खटकायलाच हवं. काम उक्तं देता येतं, आज्ञा उक्ती देता येत नाही.

अनुवाद ५:१४ बघा. दहा आज्ञा दोनदा आल्यात, पण इथं विसाव्याचं कारण वेगळं सांगितलंय. तुझा दास आणि तुझी दासी यांना तुझ्यासारखाच विसावा मिळावा. बैल, गाढव, वेशीच्या आतला परका, सगळे यादीत आहेत. पुढं लगेच, तू मिसरात दास होतास याची आठवण ठेव. म्हणजे ही आज्ञा मालकाला दिलीय. मालक उपासनेला जाऊन बसला म्हणून ती पाळली जात नाही. आपल्या मंडळ्यांमधून रविवारवर उपदेश पुष्कळ होतात, क्रिकेटवर होतात, टीव्हीवर होतात. या अर्ध्या वचनावर मी चाळीस वर्षांत दोनच ऐकले.

आणि एक सांगतो, राग मानू नका. मुंबईच्या गिरणीकामगाराला रविवारची सुट्टी १० जून १८९० ला मिळवून दिली ती नारायण मेघाजी लोखंड्यांनी. सत्यशोधक माणूस. रविवार खंडोबाचा वार, हेही त्यांच्या मागणीत होतं. दासदासींचा विसावा आमच्या पुस्तकात, आणि त्यासाठी भांडला खंडोबाचं नाव घेणारा. मी सातवीच्या पोरांना हे शिकवायचो आणि दर वर्षी मला थोडी लाज वाटायची.

१ तीमथ्य ३ मध्ये वडिलाच्या अंगी काय असावं ते दिलंय. फवाऱ्याचा उल्लेख नाही. पण सातव्या वचनात आहे की बाहेरच्या लोकांनी त्याच्याबद्दल चांगली साक्ष दिलेली असावी. तुमच्या बाबतीत बाहेरचे लोक म्हणजे कमिटीतले ते गृहस्थ नव्हेत. त्या बारा बाया. त्यांना विचारलंत का?

निवृत्त_सिस्टर_मिरज

गुरुजींनी मलाही गप्प केलं. माझ्या रविवारच्या ड्युटीचा विचार मी आयुष्यभर केला. माझ्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईच्या रविवारचा केलाच नाही, कारण मला चर्चला वेळेवर जायचं असायचं.

पावणेदोन_एकर

विचारलं. जसं झालं तसं लिहितो.

बुधवारी मावशीला म्हटलं, येत्या रविवारपासून बागेत काम बंद, तुम्हालाही सुट्टी. मला वाटलं खूश होईल. ती कात्री पुसत म्हणाली, "दादा, आमची सुट्टी सोमवारी. सोमवारी बाजार. रविवार तुमच्या देवाचा, सोमवार आमच्या मिठामिरचीचा. आठवड्यात दोन दिवस बंद ठेवून आम्ही काय खायचं?" एक तरुण पोरगी ओळीच्या पलीकडून हसत म्हणाली, "देव सुट्टी देतोय, हजेरी पण देतोय का विचारा."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, पोरगी बरोबर बोलली, विचारा की. तिच्याकडं हिशेबाची वही असते. तिनं पावसाच्या आठवड्यातला औषधाचा खर्च दाखवला आणि म्हणाली, तुमच्या शर्यतीपायी दोन फवारे जादा गेले, त्याच्यात बारा बायांचा एक दिवस आरामात बसत होता. मी गप्प बसलो.

गुरुवारी मावशीला सांगितलं, विरळणी संपेपर्यंत जे दोन रविवार येतील त्यांची हजेरी उक्त्याच्या वर देणार, बागेत यायचं नाही. तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं मी निवडणुकीला उभा आहे.

रविवारी बाग बंद होती. उपासनेहून येताना रस्त्यावरून शेजाऱ्याची बाग दिसते. आमच्या टोळीतल्या पाच जणी तिथं विरळणी करत होत्या. हजेरी आमची घेतली, काम त्याचं केलं, त्याची वेगळी घेतली. ती हसणारी पोरगी मला बघून वेलीआड झाली. आधी राग आला. घरी पोचेपर्यंत आठवलं की विसावा देणं माझ्याकडं होतं, घेणं त्यांच्याकडं. आणि सात जणी तर गेल्या नव्हत्या. मावशी घरी होती, गोधडी शिवत बसली होती म्हणे.

पाळकसाहेबांना सगळं सांगितलं, शर्यतीसकट. ते म्हणाले, हे कमिटीपुढं तुमच्या तोंडानं सांगा, मग बघू. बैठक पुढच्या महिन्यात आहे. आईला अजून सांगितलेलं नाही.

आज शुक्रवार. रविवारी परत आभाळ येणार असं दाखवतंय. डिझेल आणून ठेवलंय, उद्या दुपारीच फवारा घेतो. चुलतभावाचे पाच लिटरही परत केले.