आयरिसची नुसती पानं, क्रोकस गायब! मदत हवी आहे

मंडळी, जरा मार्गदर्शन करा. वाफ्यात क्रोकस, मस्कारी आणि बुटका आयरिस रेटिक्युलाटा ही वसंतात फुलणारी कंदांची फुलझाडं लावलीत. हिवाळा कडक असतो, त्यामुळे कंदांना फुलायला लागणारी थंडी कमी पडते असं नाही. पहिल्या वसंतात सगळे झकास फुलले. यंदा आयरिसला नुसती गवतासारखी पानं. एक झुबका उकरला, तर जाळीदार सालीच्या आत मोठ्या कंदाऐवजी तांदळाच्या दाण्याएवढ्या कंदांचा पुंजका! क्रोकस निम्मे गायब. मातीत छोटे खड्डे आणि सालपटं. मस्कारीला फुलं आहेत, पण पानं पानगळीच्या दिवसांतच फुटली होती, आता टोकं करपलीत. रोग आहे की खतपाण्यात काही कमी पडतंय? रिकाम्या जागी स्नोड्रॉप (हेही कंदाचंच फुलझाड) लावायचाय, कोरडे कंद चालतील का?

प्रतिसाद १
रोगबिग काही नाही. रेटिक्युलाटाची ती सवयच आहे. एकदा फुलला की कंद फुटून पिल्लं होतात आणि ती फुलण्याजोगी व्हायला काही वर्षं जातात. पुढच्या वेळी निदान दहा सेंमी खोल लावा, फुटणं कमी होतं. पानं आपोआप पिवळी पडून वाळेपर्यंत कापू नका; पुढचं फूल त्यांच्याच जिवावर कंदात तयार होतं. फुलं ओसरली की पालाश (पोटॅशियम) जास्त असलेलं खत द्या, नत्राचा (नायट्रोजनचा) मारा नको. उन्हाळ्यात ती जागा कोरडी राहिलेली बरी. मी तर सरळ दरवर्षी नवे कंद लावतो, कोण वाट बघत बसणार!
मस्कारीची पानं पानगळीतच फुटतात आणि टोकं करपतात, तो असाच वागतो, सोडून द्या.

प्रतिसाद २
क्रोकस खारींनी नाहीतर उंदरांनी पळवलेत. लावताना कंदांवर बारीक भोकांची तारेची जाळी अंथरून वर माती टाका, कोंब भोकांतून बरोब्बर वर येतात. लावून झाल्यावर सांडलेली सालंही उचला, वासावर येतात मेले.
स्नोड्रॉपचे कोरडे कंद टाळाच, फार लवकर सुकतात. कुणाकडे दाट झुबका असेल तर फुलं सरल्यावर, पानं हिरवी असतानाच मुळांसकट मागून आणा. आधी होता तेवढाच खोल लावून लगेच पाणी द्या. कंद विषारी असल्याने खारी सहसा वाट्याला जात नाहीत.

धागाकर्ता
दोघांचेही आभार! जाळी नंतर काढायची का?

प्रतिसाद २
नको, गाडलेलीच राहू दे. फक्त त्या जागी खुरपं जपून चालवा.