कोणी काय केलं म्हणून तगलात? मनाच्या आजारपणातले अनुभव

माझ्या धाकट्या भावाला बायपोलर डिसऑर्डर आहे, म्हणजे मन कधी अतिउत्साहात, कधी खोल निराशेत जाण्याचा आजार. लिथियमच्या गोळ्या चालू आहेत, अधूनमधून रक्त तपासून त्याची पातळी बघावी लागते. बाकी तो नोकरी करतो, माझ्याशी भांडतो, सगळं करतो. परवा आमच्या एका काकूंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "अजून त्या गोळ्या चालूच आहेत का रे?" काकूंची स्वतःची थायरॉइडची गोळी माझ्या लहानपणापासून चालू आहे आणि ती त्या चारचौघांत घेतात.

म्हणून हा धागा. सल्ले नकोत, ते उदंड मिळतात. तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या वाईट काळात एखाद्याने नेमकं काय केलं, काय बोललं, म्हणून निभावलं, ते लिहा. नको ते बोललं असेल तर तेही. आजाराचं नाव लिहिलंच पाहिजे असं नाही. जीव द्यायचे विचार आले असतील तर जरूर लिहा, फक्त 'कसं' ते लिहू नका, कारण समोरचा कुठल्या अवस्थेत वाचतोय ते आपल्याला दिसत नाही.

आणि ज्याला आत्ताच गरज आहे त्याने धागा नंतर वाचावा, आधी फोन करावा. भारतात टेली मानस १४४१६ (फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं), ब्रिटनमध्ये समॅरिटन्स ११६ १२३, अमेरिकेत ९८८.

तिसरा मजला:
मी सुरुवात करते. छातीत कळ, हातांना मुंग्या, घशाशी आवळल्यासारखं. हार्ट अटॅकच, अशी खात्री. कॅज्युअल्टीत ईसीजी नॉर्मल आला आणि ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, "काही झालेलं नाही, घरी जा." मला तर अजून मरतेय असंच वाटत होतं! इलेक्ट्रोड काढता काढता तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "हा पॅनिक अटॅक. त्रास खरा आहे, हृदय ठीक आहे. साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग उतरतोच. घड्याळ बघत बसा." आता घरी तसं झालं की नवरा माझ्यासमोर घड्याळ धरतो आणि धावतं वर्णन करतो, "चढतोय... चढतोय... आला माथा." कधीकधी मला मध्येच हसू फुटतं. डॉक्टर आणि थेरपी दोन्ही केलं, पण पहिला धीर त्या सिस्टरांचा.

अर्धविराम:
मला कॉलेजच्या मित्राने सरळ विचारलं होतं, "जीव द्यायचे विचार येतात का तुझ्या मनात?" तोवर सगळे आडून आडून, "बरा आहेस ना?" असंच विचारत होते आणि मी "हो हो, मजेत" म्हणत होतो. त्या सरळ प्रश्नाला खोटं उत्तर देता येईना. हो म्हणालो. त्याने घाबरून कुणाला फोन लावला नाही, की आईवडिलांचा विचार कर म्हणून भाषण दिलं नाही. पुढचा प्रश्न, "आज रात्री घरी कोण आहे?" कुणीच नव्हतं. तो राहिला. घरातली काही औषधं त्याने माझ्यासमोर, मला सांगून, आपल्या बॅगेत टाकली. सकाळी डॉक्टरांची वेळ त्यानेच घेतली, कारण फोन लावून बोलण्याइतकाही जीव माझ्यात नव्हता.

नंतर डॉक्टरांनी एक कागद भरून घेतला. तो अजून पाकिटात आहे. वर लिहिलंय, घसरण सुरू झाल्याच्या खुणा: मोबाइल पालथा ठेवणं, दाढी टाळणं, "सगळ्यांना माझा त्रास होतोय" हे वाक्य. खाली एकट्याने करायच्या गोष्टी: जिना उतरून गेटपर्यंत जाणं, गरम पाण्याने आंघोळ. मग ज्यांच्यात नुसतं जाऊन बसता येईल अशी माणसं, मग ज्यांना खरं सांगता येईल अशी दोन नावं, मग डॉक्टर आणि हेल्पलाइन. शेवटी, घरातून काय हलवायचं आणि कुणाकडे द्यायचं. "मन प्रसन्न ठेवा" छापाचं त्यात काही नाही, म्हणूनच तो वापरता येतो. गेल्या वर्षी वापरला.

मधलीसुट्टी:
@अर्धविराम, तुमच्या मित्राला नमस्कार सांगा. समुपदेशन हाच माझा पेशा. असं थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलंय, तरी भलेभले कचरतात. ज्या कागदाबद्दल लिहिलंत त्याला सेफ्टी प्लॅन म्हणतात, बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी तो बसवला. वस्तू हलवण्याचा भाग लोकांना फार वरवरचा वाटतो. तसा तो नाही. ती तीव्र ऊर्मी पुष्कळदा थोडाच वेळ टिकते, आणि तेवढा वेळ हाताशी काही नसणं यावर खूप काही ठरतं.

खिडकीपाशी:
बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येतं, ते दोनेक आठवड्यांत ओसरतं, असं वाचलं होतं. माझं ओसरेना. बाळ रडलं की मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. येणारा जाणारा म्हणायचा, किती गोड आहे, भाग्यवान आहेस. सासूबाईंनी एक दिवस खोलीचं दार लावून घेतलं. मला वाटलं, आता बोलणी खायची. त्या म्हणाल्या, "मलाही झालं होतं असं, ह्याच्या वेळी. तेव्हा कुणाला सांगायची सोय नव्हती. उठ, आपण डॉक्टरांकडे जाऊ." रात्री एकदा बाळाला त्या उठणार, म्हणजे मला सलग झोप मिळेल, हेही त्यांनीच ठरवलं. आमचं बाकी कशावरही एकमत होत नाही, हे लिहून ठेवते!

जुनाखांब:
आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा बसायला खुर्च्या कमी पडत होत्या. तीच आई पुढे मानसोपचार विभागात दाखल झाली तर एक माणूस फिरकला नाही. "त्यांना आवडेल की नाही, म्हणून आलो नाही," असं नंतर सांगतात.

एक मित्र यायचा. शनिवारी दुपारी आईपाशी बसायचा, मी बाजूच्या खोलीत मेल्यासारखा झोपायचो. आजाराबद्दल त्याने कधी चकार शब्द काढला नाही. आईला आवाज ऐकू यायचे, मी वाद घालायचो की असं काही नाहीये, आणि घरात रोजचा तमाशा. वॉर्डातल्या ब्रदरनी सांगितलं, खोटं पाडू नका आणि होलाही हो करू नका. "मला नाही ऐकू येत, पण तुला येतंय आणि तुला भीती वाटतेय. मी इथेच बसतो." हे वाक्य त्या मित्राने माझ्याआधी आत्मसात केलं.

नाव नको:
थोडं विरोधात लिहितो. "मोकळेपणाने सांगा, लपवू नका" हे सांगणाऱ्यांचं काही जात नाही. मी ऑफिसात डिप्रेशनचं सांगितलं. सगळे फार गोड वागले, आणि पुढच्या प्रोजेक्टमधून "तुझ्यावर ताण नको" म्हणून नाव गेलं. त्याच्या पुढच्याही. आता घरात बायको, बाहेर एक मित्र. बाकी जगाला मला पाठदुखी आहे.

धागाकर्ता:
@नाव नको, हे लिहिलंत ते बरं केलंत. भावानेही ऑफिसात सांगितलेलं नाही आणि मी त्याला कधी सांग म्हणणार नाही.

पायरीवरची:
डिप्रेशनच्या गोळ्यांबद्दल. माझ्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं: मळमळ, डोकं दुखणं आधी येईल, बरं वाटायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त. ते माहीत होतं म्हणून टिकले. माझ्या आतेभावाला हे कुणी सांगितलं नव्हतं, त्याने आठवड्यात सोडल्या, "विषारी आहेत" म्हणून. आणि बरं वाटल्यावर मनानेच एकदम बंद करू नका, चक्कर आणि डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं. डॉक्टर हळूहळू उतरवतात.

संथ:
बाबांना ईसीटी, म्हणजे विजेच्या झटक्यांचा उपचार, दिली होती. सिनेमात दाखवतात तसलं काही नाही. भूल देतात, स्नायू सैल करायचं औषध देतात, काही मिनिटांत आटपतं. त्या काळातल्या बऱ्याच गोष्टी त्यांना आठवत नाहीत, हे मात्र खरं. पण ते जेवायला लागले, बोलायला लागले. नातेवाइकांना आम्ही अजून "छोटं ऑपरेशन" असंच सांगतो.

रिकामीवही:
मैत्रीण रोज मेसेज करायची. शेवटी कंसात, "उत्तर देऊ नकोस." मी महिनोन्महिने दिलं नाही. तिने थांबवलं नाही.

वळणावर:
सगळे वाचतोय. भाऊ बाविशीचा आहे. खोलीतून बाहेर येत नाही, रात्रभर जागा, डॉक्टर म्हटलं की अंगावर येतो. जबरदस्ती करायची नाहीये. काय करू?

जुनाखांब:
@वळणावर, आधी तुम्ही एकटे जा. बरेच मानसोपचारतज्ज्ञ घरच्यांना भेटतात. औषध लिहून देणार नाहीत, पण त्याच्याशी कसं बोलायचं, कुठल्या खुणा दिसल्या तर थांबायचं नाही, हे सांगतील. दुसऱ्याच भेटीत आई माझ्याबरोबर आली होती, "माझ्याविषयी काय सांगतोस बघू" म्हणून!

वळणावर:
गुरुवारची वेळ मिळाली. काय लिहून नेऊ?

जुनाखांब:
कधीपासून, झोप किती, जेवण, वजन उतरलंय का, एकटाच बोलतो का, कुणी पाळतीवर आहे असं म्हणतो का, काही नशा, घरात आधी कुणाला असं झालं होतं का. आणि मरणाबद्दल काही बोललाय का, ते सगळ्यात वर. बोलला असेल तर गुरुवारपर्यंत थांबू नका, आजच जा आणि त्याला एकटं ठेवू नका.