एकच हँडबिल, दोन सालं: वर्गवारी कुठे चुकली?

दांडियाबाजारकर (बडोदे)

नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाच्या माळ्यावरून पत्र्याच्या तीन पेट्या निघाल्या. गणेशोत्सवाची हँडबिलं, नाटकांची तिकिटं, ग्रुप फोटो, थोडे मोडी कागद. सहाशेच्या वर वस्तू स्कॅन करून झाल्या. भाच्यानं ओमेका एस (अशा संग्रहाची ऑनलाइन यादी ठेवायचं सॉफ्टवेअर) बसवून दिलं आणि स्वारी नोकरीला पुण्याला गेली. आता सगळं माझ्या गळ्यात.

मी बँकेत बत्तीस वर्षं काढली, म्हणून लेजरसारखंच केलं. 'वर्ग' नावाचा एक रकाना, त्यात एक्केचाळीस खाती: फोटो, नाटक, गणेशोत्सव, मोडी, सयाजीराव महाराज, सुरसागर वगैरे. एक वस्तू, एक खातं. आठवडाभर छान चाललं. मग गणेशोत्सवातल्या नाटकाचा फोटो आला. एन्ट्री करणाऱ्या तीन मुलांपैकी एकानं तो 'फोटो'त टाकला, दुसऱ्यानं 'नाटका'त, तिसरीनं 'गणपती' असं बेचाळिसावं खातं उघडलं.

कहर केला तो एका हँडबिलानं. एका बाजूला मराठी, पाठीमागे गुजराती. मराठीत शके १८५७, भाद्रपद शुद्ध ४. गुजरातीत संवत १९९१. एकीनं शकात ७८ मिळवून १९३५ लिहिलं, दुसऱ्यानं संवतातून ५७ वजा करून १९३४. दोन बाजू वेगळ्या चढवल्या होत्या, त्यामुळे यादीत दोन उत्सव! स्मरणिकेवाले चार दिवस १९३४ चे फोटो शोधत बसले. ट्रायल बॅलन्स जुळत नसला की पोटात जे होतं, ते झालं.

नावं बदलून भागेल, की सगळं मोडून परत मांडू?

कार्डकपाट

दादा, मोडू नका, पण तो 'वर्ग' रकाना बंद करा. मी ग्रंथालयात कॅटलॉगिंग केलं आहे, तुमची चूक ओळखीची आहे. १९१० साली सयाजीरावांनी ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना अमेरिकेहून बडोद्याला आणलं. त्यांनी कटर आणि ड्युई या अमेरिकन ग्रंथपालांच्या पद्धती एकत्र करून इथल्यासाठी वर्गीकरण बसवलं. त्यांना एक पुस्तक एकाच जागी ठेवणं भाग होतं, कारण समोर लाकडी फळी होती. तुमच्यापुढे फळी नाही. मग एक वस्तू एका खात्यात कशाला कोंडता?

तुमच्या यादीत 'फोटो' म्हणजे वस्तू काय आहे, 'नाटक' म्हणजे ती कशाबद्दल आहे, 'मोडी' ही लिपी आणि 'सुरसागर' ही जागा. चार वेगळे प्रश्न, आणि उत्तरं एका रकान्यात. ओमेकात डब्लिन कोअर, म्हणजे वस्तूचं वर्णन करायचे ठरलेले रकाने, आयतं असतं. (हे डब्लिन आयर्लंडचं नव्हे, ओहायोचं. १९९५ साली तिथे बैठक झाली.) त्यातलं 'टाइप' वस्तूच्या प्रकाराला, 'सब्जेक्ट' विषयाला, 'कव्हरेज' जागेला. विषय एकाच वस्तूला दोन-तीन खुशाल द्या. तुमचा फोटो प्रकारानं फोटो, विषयानं नाटक आणि गणेशोत्सव. भांडण मिटलं.

मुलांना विषय टाइप करू देऊ नका. 'कस्टम व्होकॅब' मोड्यूल टाका, शब्दांची यादी एकदाच ठरवा, ती रिसोर्स टेम्प्लेटमध्ये (नोंदीच्या साच्यात) विषयाच्या रकान्याला जोडा. मग मुलांना नुसतं निवडायचं. यादी वाढवायची किल्ली एकाच माणसाकडे ठेवा. तुमच्याकडेच.

शीर्षक मात्र कागदावर जसं आहे तसंच. जुन्या छपाईत 'नांव', 'कांही' असं अनुस्वारासकट असतं, ते सुधारायला जाऊ नका. आजच्या लेखनातलं रूप 'ऑल्टरनेटिव्ह टायटल'मध्ये द्या, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. बडोदे, बडोदा, वडोदरा यांचंही तसंच: जागेच्या रकान्यात एकच रूप, कागदावरचं शीर्षकात राहू द्या.

मोडीवाचक (लष्कर, ग्वाल्हेर)

तारखेचं मी सांगतो. गुजरातचा संवत कार्तिकी, दिवाळीनंतर बदलणारा. कार्तिकापासून डिसेंबरअखेर ५७ वजा, जानेवारीपासून आश्विनापर्यंत ५६. भाद्रपद म्हणजे ५६, म्हणजे १९३५. दोन्ही बाजू बरोबर होत्या, मुलाचा आकडा चुकला. शकालाही ही मेख आहे: जानेवारीनंतरच्या पौष ते फाल्गुनाला ७८ नव्हे, ७९.

म्हणून तारखेचे दोन रकाने करा. एकात कागदावरचं अक्षरशः, दुसऱ्यात इसवी सन. दुसऱ्यात आकडे इंग्रजीच ठेवा. मोडी कागदांवर सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली एक कालगणना) असला तर ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात आणि वर्ष मृगाला बदलतं. तिथे मुलांना हात लावू देऊ नका. फोटो इथे टाका, वाचून देतो.

दांडियाबाजारकर

काल बसून केलं. एक्केचाळीस खात्यांतून प्रकार निघाले सात, विषय एकोणीस, बाकीची जागा आणि लिपीत गेली. हँडबिलाच्या दोन्ही बाजू एकाच नोंदीखाली आणल्या. 'गणपती' उघडणाऱ्या पोरीलाच यादी सांभाळायला दिली, तिला खात्यांचा नाद आहे. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, 'हँडबिल' ठेवायचं की 'पत्रक'? मी म्हटलं, पेटीवर खडूनं काय लिहिलंय बघ. 'ह्यांडबिलें'.

मोडीवाचकभाऊ, तीन कागद आज रात्री टाकतो. कडा उंदरांनी कुरतडल्यात, सांभाळून घ्या.